सोयाबीनचा चुकारा आणि गेम बनवण्याचा क्लास

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचा प्रश्न आहे. सोयाबीनचा चुकारा 1,60,000 हाती आलाय, पीक कर्ज 90,000 बाकी आहे. बारावी झालेल्या धाकट्याला मोबाइलचे गेम बनवायचेत, पण कोडिंगचा गंध नाही. नागपूरच्या क्लासची फी 1,10,000 आहे. भरावी का?

भाऊ, आत्ता भरू नका. पोराच्या आवडीवर माझा आक्षेप नाही, हिशेबावर आहे. अशा क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. सांगितलेल्या आकड्यात तो धरला नसेल तर बिल 1,29,800 चं होतं. उरलेल्या तीस हजारांत हरभरा पेराल की कर्ज फेडाल? तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्क्यात पडतं. थकलं की सवलत गेली, आणि पुढच्या खरिपाला कृषी केंद्राची उधारी नाहीतर सावकार.

क्लासवाले म्हणतील, हप्त्यानं भरा, व्याज नाही. तो हप्ता बहुतेकदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतो. पोरगा दोन महिन्यांत कंटाळून घरी आला तरी हप्ते चालूच राहतात. चुकले की सिबिल बिघडतं, मग ट्रॅक्टरच्या कर्जाला तेच आडवं येतं.

म्हणून कर्जाचे 90,000 आजच बाजूला काढा. मुदत येईपर्यंत बँकेत ठेव करून टाका, कारण घरात दिसलेला चुकारा टिकत नाही. रब्बीचे पैसे काढून जे उरेल त्यातून पंचवीस हजारांच्या आतला जुना लॅपटॉप घ्या. आठ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कऐवजी येणारी वेगवान डिस्क) हवीच. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहा; आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरीच आधी जाते.

सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही. गोडो (Godot) हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही डाउनलोड होतं आणि साध्या टू-डी गेमला असा लॅपटॉप पुरतो. त्याची जीडीस्क्रिप्ट ही कोडिंगची भाषा पायथन या सोप्या भाषेसारखीच, नवख्याला जमेल अशी. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये प्रोग्रामिंगचे धडे मराठीतही आहेत.

पुढच्या खरिपाच्या पेरणीपर्यंत त्यानं एकच छोटा गेम पुरता करावा: सुरुवात, गुण, शेवट, सगळं असलेला. अर्धवट दहा नकोत. इच डॉट आयओ (itch.io) या गेमच्या वेबसाइटवर तो फुकट चढवता येतो. गूगल प्लेचे 25 डॉलर एकदाच भरायचे असतात, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाला दर गेममागे 100 डॉलर. दोन्ही आत्ता नको. पहिल्या गेमची कमाई शून्यच धरा.

तो गेम झाला तर क्लासचा विचार पुन्हा करू. तेव्हाही फी परतीची अट लेखी घ्या. आणि ‘दोनच सीट उरल्या’ असा फोन आला तर खुशाल जाऊ द्या, पुढची बॅच निघतेच.