काँक्रीटच्या अंगणाचे पापुद्रे का सुटतात आणि त्यावर उपाय काय?

दोन वर्षांपूर्वी घातलेल्या अंगणाच्या काँक्रीटचे पापुद्रे निघत आहेत, वरून एखादे कोटिंग मारल्यास ते थांबेल का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात घरबांधणीच्या कामांवर देखरेख करतो. माझ्या अनुभवात या दुखण्याचे मूळ बहुधा काँक्रीट घातले त्या दिवसात आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात असते, त्यामुळे नुसत्या कोटिंगने ते जात नाही.

थंड प्रदेशांत काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि वरची साल फोडते. आपल्याकडे मात्र उन्हाळा घात करतो. काँक्रीट ओतल्यावर गिट्टी आणि रेती खाली बसतात व पाणी वर येते. ते येणे थांबून पृष्ठभागावरचे पाणी उडून जाईपर्यंत घोटाई करायची नसते. पण पारा 45 अंशांवर असताना, गरम वाऱ्यात, वरचे पाणी लगेच उडते, काँक्रीट सुकल्यासारखे दिसते आणि मिस्त्री थापी फिरवू लागतो, तेव्हा आतून पाणी अजून येतच असते. ते घोटलेल्या सालीखाली अडकते आणि तिथेच कच्चा थर तयार होतो. साचलेले पाणी शोषण्यासाठी वरून कोरडे सिमेंट भुरभुरून घोटणे ही तर फारच घातक सवय आहे.

माझ्या स्वतःच्या पार्किंगमध्ये भर दुपारी घातलेल्या भागावर किल्ली ओढली की पिठासारखी भुकटी निघत असे आणि नाणे ठोकले की बद्द आवाज येत असे. त्याच दिवशी संध्याकाळी घातलेला पट्टा आजही टणक आहे.

तराईबाबतही, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवण्याबाबतही, असेच घडते. आयएस 456 या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकानुसार उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस, आणि राखमिश्रित म्हणजे पीपीसी सिमेंट असल्यास 14 दिवसांपर्यंत तराई करावी. सकाळ-संध्याकाळ पाइपाने पाणी मारणे म्हणजे तराई नव्हे, कारण मधल्या उन्हात पृष्ठभाग पुन्हा वाळतो. बारदाना अंथरून तो सतत ओला ठेवावा किंवा आळी करून पाणी साठवावे.

आता आपल्या अंगणाविषयी. हातोडीने हलके ठोकून बद्द वाजणारा सगळा भाग काढून टाका, तारेच्या ब्रशने घासून धुवा, आणि ओलसर पण पाणी न साचलेल्या पृष्ठभागावर पॉलिमरयुक्त दुरुस्ती-मसाला लावून त्याचीही तराई करा. नुसत्या सिमेंटचा पातळ थर लावू नका, तो पुन्हा सुटेल. नुसती भुकटी निघत असेल, पोकळी नसेल, तर सिलिकेट हार्डनर, म्हणजे पृष्ठभाग कडक करणारे द्रावण, पुरतो. पाणी मुरू नये म्हणून सिलेन-सिलोक्सेन सीलर चांगला, मात्र तो नवा थर घातल्यापासून 28 दिवसांनंतर आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना लावावा.

कृपया डाग काढण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड अंगणावर ओतू नका. त्यात येणारा फेस म्हणजे विरघळत चाललेले सिमेंटच असते. आणि छज्जाचा किंवा स्लॅबचा तुकडा पडून आत गंजलेली सळई दिसत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर आजार आहे; गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापून काँक्रीट फोडतो, म्हणून तेथे कसलाही लेप लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.