पपईचा चीक आणि अननसाचा गाभा : वाचकांचे प्रश्न

फळांतल्या एन्झाइमांविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न निवडले आहेत. बहुतेकांचा रोख पपईतल्या पपेनवर आणि अननसातल्या ब्रोमेलेनवर आहे. ही दोन्ही एन्झाइम प्रथिने तोडतात.

प्रश्न : जेवल्यावर पोट फुगते. पपईत पपेन असते म्हणून रोज पिकलेली पपई खाते, तरी फरक नाही. प्रमाण वाढवावे का?

प्रमाण वाढवून उपयोग होणार नाही. पपेन असते ते पपईच्या चिकात, आणि चीक भरपूर असतो तो हिरव्या, कच्च्या फळात. फळ पिकत जाते तसा चीक आटतो. पूर्ण पिकलेल्या पपईत पपेन नावापुरतेच उरते. पिकलेल्या पपईने पोट साफ होते ते तिच्यातल्या तंतूंमुळे आणि पाण्यामुळे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पपेन फक्त प्रथिने तोडते. पोटातला वायू मात्र बहुतेक वेळा न पचलेल्या शर्करांमुळे होतो. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचवता येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. या शर्करा तोडायला लागते ते अल्फा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइम. दुधाने पोट फुगत असेल तर दुधातली शर्करा तोडणारे लॅक्टेज लागते. पपेन यांपैकी कशालाही हात लावत नाही. म्हणून आधी आठवडाभर काय खाल्ल्यावर पोट फुगते ते लिहून ठेवा, मग उपाय शोधा.

शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारे होत असेल आणि वजन उतरत असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या. तिथे चरबी पचवणारे लायपेज कमी पडलेले असू शकते, आणि ती उणीव फळातले कोणतेही एन्झाइम भरून काढत नाही.

प्रश्न : ताजे अननस घातले की जिलेटिनची जेली घट्ट होत नाही आणि दुधात घातले तर दूध कडू होते. डब्यातले अननस घातले तर असे होत नाही. का?

डबाबंद करताना अननस तापवलेले असते, त्यामुळे त्यातले ब्रोमेलेन निकामी झालेले असते. ताज्या फळातले ब्रोमेलेन जिलेटिन या प्रथिनाच्या लांब साखळ्यांचे तुकडे करते, मग त्यांची जाळी विणली जात नाही आणि पाणी धरून ठेवायला काही उरत नाही. दुधातल्या केसिन या प्रथिनाचेही असेच तुकडे होतात, आणि त्यांतले काही लहान तुकडे चवीला कडू असतात. दूध फाटणे आणि कडू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाटण्यात फळातल्या आंबटपणाचाही वाटा असतो. कडवटपणा मात्र एन्झाइमचा, आणि तो वेळेबरोबर वाढत जातो.

घरी करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे. 5 ग्रॅम जिलेटिन 200 मिलिलिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, कोमट होऊ द्या आणि चार वाट्यांत समान ओता. पहिल्या वाटीत एक मोठा चमचा साधे पाणी घाला. दुसरीत तेवढाच ताजा अननसाचा रस, तिसरीत पाच मिनिटे उकळून गार केलेला रस आणि चौथीत गोठवून पुन्हा वितळवलेला रस घाला. चार तास फ्रिजमध्ये ठेवा. पहिली आणि तिसरी वाटी घट्ट होईल, दुसरी आणि चौथी पातळच राहील. गोठवण्याने एन्झाइम मरत नाही, फक्त थांबते, हे चौथी वाटी दाखवते. जिलेटिन कढत असतानाच रस ओतला तर रसातले एन्झाइम तिथेच मरेल आणि प्रयोग फसेल.

गोड पदार्थासाठी अननसाच्या लहान फोडी साखरेत पाच ते दहा मिनिटे उकळा आणि पूर्ण गार करून मगच दुधात किंवा सायीत घाला. मोठ्या फोडी वरून गरम होतात पण आतून कोमटच राहतात, आणि तेवढ्याने तासाभरात कडवटपणा येतो. जेली ताज्या फळाचीच हवी असेल तर अगर-अगर वापरा. ते प्रथिन नसून समुद्री शेवाळातले पिष्टमय द्रव्य आहे, त्यामुळे ब्रोमेलेन त्याला तोडू शकत नाही.

प्रश्न : सूज उतरण्यासाठी ब्रोमेलेनच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. एका डबीवर 500 मिलिग्रॅम आणि दुसरीवर 250 मिलिग्रॅम लिहिले आहे. पाचशेची घ्यावी ना?

नुसत्या मिलिग्रॅमवर जाऊ नका. एन्झाइमचे वजन आणि ताकद यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. जुनी, उष्णतेत राहिलेली पावडर वजनाला तेवढीच भरेल, पण काम अर्धेही करणार नाही. लेबलवर जीडीयू हे एकक शोधा. ठरावीक परिस्थितीत ते एन्झाइम किती जिलेटिन तोडते, हे त्यावरून कळते. ग्रॅमला 2400 जीडीयू लिहिले असेल तर 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये 1200 जीडीयू असतात. ग्रॅमला 1200 असतील तर त्याच वजनात 600. काही उत्पादक एमसीयू, म्हणजे दूध साकळण्यावरून ठरवलेले एकक वापरतात. साधारण 1 जीडीयू म्हणजे दीड एमसीयू, त्यामुळे तिथे आकडा मोठा दिसतो पण ताकद तेवढीच असते. एककच छापलेले नसेल तर ती डबी परत ठेवा.

सुजेसाठी ब्रोमेलेन दोन जेवणांच्या मध्ये, रिकाम्या पोटी घेतात. जेवणाबरोबर घेतले तर ते अन्नातली प्रथिने तोडण्यातच खर्ची पडते. परिणामाबद्दल अपेक्षा मात्र माफक ठेवा. अक्कलदाढ काढल्यानंतरची सूज आणि दुखणे यांवर झालेल्या चाचण्यांत काहींत फरक दिसला, काहींत दिसला नाही. गुडघेदुखीबाबतही तसेच.

रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल सुरू करू नका, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी ती बंद करावी असा सल्ला दिला जातो. काही अँटिबायोटिकांचे रक्तातले प्रमाणही ब्रोमेलेनने वाढू शकते, तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा.

आणि कॅप्सूलऐवजी अननस खाऊन काम भागेल का, असे एका पत्रात विचारले आहे. औषधी ब्रोमेलेन मुख्यतः झाडाच्या खोडातून काढतात. फळात ते असते, मधल्या कडक गाभ्यात जरा जास्त, पण औषधाच्या मात्रेइतके पोटात जाण्याआधी जीभ सोलवटून निघेल.

प्रश्न : कच्च्या पपईचा गर चेहऱ्यावर आणि जखमेवर लावला तर मृत त्वचा निघते का?

मृत त्वचा निघते, पण जिवंत त्वचेलाही चिकाचा त्रास होतो. आग होणे, लाल होणे, फोड येणे हे सगळे संभवते, आणि कोणत्या फळात किती चीक आहे हे पाहून कळत नाही. जखमेवर तर लावूच नका. ते निर्जंतुक नसते, आणि पपेनची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. जखमेतला मृत भाग काढण्यासाठी पपेनची मलमे पूर्वी सर्रास वापरली जात. तीव्र ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावर 2008 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी नसलेली अशी मलमे बाजारातून हटवण्याची कारवाई केली. भाजलेल्या जखमेवरचा मृत थर काढण्यासाठी ब्रोमेलेनयुक्त औषध मात्र आज मान्यताप्राप्त आहे. ते रुग्णालयातच, वेदनाशामकाच्या आधाराने लावतात आणि चार तासांनी काढून टाकतात.

प्रश्न : गरोदरपणी पपई चालते का? आणि रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर?

कच्ची किंवा अर्धकच्ची पपई टाळा. तिच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात असे प्रयोगांत दिसले आहे. पूर्ण पिकलेली पपई नेहमीच्या प्रमाणात खाण्यात असा धोका आढळलेला नाही. रबराची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना पपई, केळे, ॲव्होकॅडो आणि किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते किंवा ओठ सुजतात. तुम्हाला असे होत असेल तर पपेनच्या गोळ्याही नकोत.

प्रश्न : बागेत पपईची झाडे आहेत. चीक काढून मांस मऊ करणारी पावडर घरी करता येईल का?

करता येईल, पण घाई आणि चुकीचा धातू या दोन गोष्टी टाळा. फळ अडीच ते तीन महिन्यांचे, पूर्ण वाढलेले पण हिरवेगार हवे. सकाळी दहाच्या आत, स्टेनलेस स्टीलच्या धारदार पात्याने उभ्या चार चिरा द्या. खोली दोन ते तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. खोल चिरेतून फळाचा रस आणि स्टार्च चिकात मिसळतो आणि फळ सडते. चीक काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात धरा. लोखंड आणि तांबे वर्ज्य. पपेनची तोडण्याची ताकद सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाच्या गटावर अवलंबून असते, आणि हे धातू तो गट निकामी करतात. त्याच फळाला तीन-चार दिवसांच्या अंतराने नव्या चिरा देता येतात, चारेक वेळा. हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, चीक त्वचा भाजतो.

चीक त्याच दिवशी वाळवा. हवेने तो तपकिरी पडून कमजोर होतो, म्हणून किलोला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळतात. पातळ थर पसरून 50 ते 55 अंशांवर, पापडासारखा तुटेपर्यंत वाळवा. ताज्या चिकाच्या साधारण पाचव्या भागाइतकी पावडर मिळते. कुटताना नाकावर मास्क बांधा. पपेनची धूळ श्वासावाटे जाऊन दमा झाल्याची उदाहरणे या उद्योगात आहेत.

जोर तपासायचा तर चिमूटभर पावडर कोमट पाण्यात विरघळवून वाटीभर कोमट दुधात घाला. थोड्याच वेळात दूध गोठले तर पावडर जिवंत आहे. ही पावडर पोटात घेण्याच्या औषधासारखी वापरू नका, तिची मात्रा ठरलेली नसते. मांसासाठी तर मला पावडरीपेक्षा सालीसकट वाटलेली कच्ची पपईच बरी वाटते. एक किलोला एक मोठा चमचा, तास-दीड तास. ती फक्त वरच्या थरात मुरते, त्यामुळे रात्रभर ठेवली तर बाहेरून लगदा होतो आणि आतून मांस चिवटच राहते. पपेनचा खरा जोर 65 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे भांडे चुलीवर तापत असताना. मंद आचेवर फार वेळ रेंगाळू देऊ नका. पावडर उरली तर हवाबंद काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि ओला चमचा घालू नका.