हवालदिलमध्ये हवा नाही, हवालाही नाही

प्रश्न असा आहे: ‘ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हात प्लास्टिक प्रदूषण रोखण्याच्या जागतिक कराराची बोलणी फिसकटली, तेव्हा “माणसाच्या हातून आता काही होणे नाही, पर्यावरणवादी हवालदिल” असं वाचलं. या शब्दात हवा आहे का? आमचे सर म्हणतात, हालहवालमधला हवाल आहे. आणि निराशावादी माणसाला हवालदिल म्हणावं का?’

हवा नाही. ‘हवामानामुळे शेतकरी हवालदिल’ हा मथळा दर अवकाळीला नव्याने सुचल्यासारखा छापला जातो आणि अनुप्रासालाच व्युत्पत्ती समजणारे तो कौतुकाने पुढे धाडतात. धास्तावलेला, घाबरलेला हा अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तो सोडतो.

मूळ शब्द ‘हौल-दिल’. हौल अरबी, म्हणजे दहशत, धडकी. दिल फारसी. उर्दूत हौलदिल म्हणजे छातीत धडधडण्याचा विकार. आणि ऐका, मुघलांच्या काळात या धडधडीवर उतारा म्हणून जेड दगडाचा ताईत गळ्यात घालत, त्याचं नावच हौलदिली! आता हौलचा हवाल कसा झाला? औलादची अवलाद होते, तसं हौलचं हवल झालं, इथवर भांडण नाही. पुढचा ‘आ’ कुठून आला? माझ्या मते तो हवालदाराने आणला. कानाला ओळखीचा शब्द शेजारी असला की परका शब्द त्याच्यासारखा वळतो. शिवाय हवालदार दारात उभा राहिला की छातीत धडधडतंच. पुरावा मागू नका, पण याहून बरं स्पष्टीकरण मला कुणी दिलेलं नाही.

सरांचं मात्र साफ चुकलं. अरबीत ‘ह’ दोन आहेत, देवनागरीत एकच, म्हणून हा घोटाळा. हौलमधला ह वेगळा आणि हाल, अहवाल, हवाला, हवालदार यांतला वेगळा. नुसता कोश उघडून भागत नाही, मूळ लिपीत शब्द कसा लिहितात तेही पाहावं लागतं. हाल म्हणजे स्थिती, अहवाल हे त्याचं अनेकवचन. ‘अहवालांमुळे जग हवालदिल’ हे वाक्य खरं असेलही, पण त्यातले दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

याच हालचा ‘बहाल’ माझा लाडका. ब-हाल, म्हणजे मूळ स्थितीत. आपण पदव्या आणि पुरस्कार बहाल करून त्याचा अर्थ ‘देणे’ इतकाच उरवला. हवामानाबाबत आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचे १९९०पासून सहा मोठे अहवाल आले, बहाल काही झालं नाही: हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग होता, आज ४२०च्या पुढे आहे. निराशावाद्यांची बाजू भक्कम आहे, मलाही ती पटते. तरी मूळ अर्थाने बहाल होऊ घातलेली एक गोष्ट आहे, ओझोनचा थर. १९८७च्या माँट्रियल कराराने त्याला खाणारी रसायनं आवरली आणि अंटार्क्टिकावरचा थर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ‘ओझोन थर बहाल’ असा मथळा मात्र कुणी देणार नाही. वाचकाला वाटेल, कुणाला दिला?

हां, निराशावादी. ज्याची आशाच मेली तो हताश; त्याची छाती कशाला धडधडेल? ‘आता काही होणे नाही’ म्हणणारा हताश. समुद्र अंगणात येताना पाहणारे, प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाचे रहिवासी हवालदिल. जिनिव्हातून रिकाम्या हाताने परतलेल्यांत दोन्ही प्रकारचे लोक असतील, तेव्हा बातमीदाराने आधी त्यांना विचारावं आणि मग शब्द निवडावा.