आधी प्रत कुठली ते सांगा : 1929-30च्या रेव्ह्यू-बोलपटांविषयी प्रश्नोत्तरे

बोलपट नवा होता तेव्हा हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी आपले सगळे तारे एकाच चित्रपटात उभे केले आणि त्यांना गायला, नाचायला, नकला करायला लावलं. एमजीएमचा 'हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ 1929', वॉर्नरचा 'शो ऑफ शोज' (1929), पॅरामाउंटचा 'पॅरामाउंट ऑन परेड' (1930) आणि युनिव्हर्सलचा 'किंग ऑफ जॅझ' (1930) हे अशा 'रेव्ह्यू' चित्रपटांतले ठळक. यांच्याबद्दल प्रश्न कुठलाही येवो, गोंधळ एकाच जागी असतो: जी प्रत पाहिली तोच मूळ चित्रपट, असं वाचक धरून चालतात. म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न : भरपूर गाणी असलेला कुठलाही जुना बोलपट रेव्ह्यू म्हणायचा का?

नाही. कथानक नको, निवेदक हवा. शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा प्रकार: एक नाच, एक विनोदी प्रवेश, एक गाणं, आणि मधे कुणीतरी येऊन पुढचं जाहीर करणार. 'हॉलिवूड रेव्ह्यू'त हे काम कॉनरॅड नेगल आणि जॅक बेनी करतात, 'शो ऑफ शोज'मध्ये फ्रँक फे.

प्रश्न : मग आपला 'इंद्रसभा' (1932)? त्यात सत्तरेक गाणी होती म्हणतात.

तोही नाही. आगा हसन अमानत यांच्या नाटकावरची ती सरळ गोष्ट आहे. गाणी मोजून प्रकार ठरत नाही.

प्रश्न : मूकपटांचा तारा जॉन गिल्बर्ट याचा आवाज किनरा होता आणि रेव्ह्यूत तो उघडा पडला, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं का?

ऐकीव गोष्ट. 'हॉलिवूड रेव्ह्यू'त तो नॉर्मा शिअररबरोबर रोमिओ-ज्युलिएटचा सज्जातला प्रवेश करतो. आधी शेक्सपिअरच्या भाषेत, मग त्या काळच्या बाजारू बोलीत. ऐकून पाहा, चारचौघांसारखा पुरुषी आवाज आहे. मात्र ऐकताना प्रतीचा वेग तपासा. त्या काळच्या बोलपटाचा वेग सेकंदाला 24 चौकटी. पीएएल या टीव्ही-पद्धतीच्या जुन्या डीव्हीडी 25नं चालतात आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर तो जवळजवळ चार टक्के चढतो. असली प्रत ऐकून कुणाच्या गळ्यावर निकाल देऊ नये.

प्रश्न : डबिंग नसताना हे चित्रपट परदेशात कसे चालले?

निवेदक बदलून. गाणी-नाच तसेच ठेवायचे आणि जोडणारा माणूस त्या भाषेचा घ्यायचा. 'किंग ऑफ जॅझ'च्या हंगेरियन आवृत्तीत ते काम हंगेरियन नट बेला लुगोसीनं केलं. त्यामुळे दोन देशांतल्या प्रती ताडून "यातलं दृश्य कापलं" म्हणण्याआधी दोन्ही एकाच आवृत्तीच्या आहेत ना, ते पाहा.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत दाखवताना नाचणाऱ्यांची पावलं आणि डोकी कापली गेली. फाइल खराब आहे का?

बहुधा फाइल चांगली आहे, मांडणी चुकली. फिल्मवरच ध्वनिपट्टी छापायला लागल्यावर चित्राची रुंदी कमी झाली आणि चौकट जवळजवळ चौरस, म्हणजे 1.19 : 1 झाली. 1.37चं प्रमाण 1932मध्ये आलं. फाइलीत दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात ते तसेच राहू द्या, प्रोजेक्टरवरचं 'झूम' किंवा 'फिल' बंद करा. प्रत 35 मिमीची असेल तर अपर्चर प्लेट (प्रोजेक्टरमधली चित्राची चौकट ठरवणारी पट्टी) आणि लेन्स दोन्ही बदलावी लागतात. ऑपरेटरशी खेळाच्या आदल्या दिवशी बोला.

प्रश्न : 'शो ऑफ शोज'ची "फोर-के, मूळ रंगांत पुनरुज्जीवित" प्रत ऑनलाइन विकत मिळते. मी आधी पाहिलेली काळीपांढरी होती. घ्यावी का?

घेऊ नका. याचं उत्तर एका ओळीत संपवणार नाही, कारण ही फसवणूक आता रोजची झाली आहे.

'शो ऑफ शोज'चा बहुतांश भाग टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीनंच चित्रित झाला होता. पण आज तो मुख्यतः काळ्यापांढऱ्या प्रतींत उरला आहे. रंगीत तुकडे थोडेच सापडले. मिर्ना लॉय आणि निक ल्यूकस यांचा 'चायनीज फँटसी' हा त्यांतला एक. पूर्ण लांबीचे मूळ रंग संग्रहालयांकडेच नाहीत, तर विक्रेत्याकडे कुठून येणार? संगणकानं अंदाजे रंग भरले आणि वर 'मूळ' असा शिक्का मारला, एवढंच.

तो अंदाज चुकतो कसा, हे कळायला त्या वेळची रीत माहीत हवी. तेव्हाचं टेक्निकलर दोनच रंगांचं होतं. कॅमेऱ्यातला लोलक प्रकाश दुभंगायचा, एक भाग लाल गाळणीतून आणि दुसरा हिरव्या गाळणीतून जायचा, आणि एकाच काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर दोन चौकटी एका वेळी उमटायच्या. प्रत काढताना त्यांचे जिलेटिनचे दोन उठावदार ठसे तयार करत. एक ठसा केशरी-लाल रंगात भिजवायचा, दुसरा निळसर हिरव्यात, आणि दोन्ही एकापाठोपाठ कोऱ्या फिल्मवर टेकवायचे. त्वचा, केशरी, विटकरी, मोरपंखी हे छान येतं. खरा निळा येत नाही, जांभळा येत नाही, लिंबासारखा पिवळाही नाही.

म्हणून पहिली परीक्षा: चित्र थांबवा आणि निळा शोधा. राजनिळा कोट किंवा स्वच्छ निळं आभाळ दिसलं तर रंग नंतरचे आहेत. 'किंग ऑफ जॅझ'मध्ये गर्श्विनची 'ऱ्हॅप्सोडी इन ब्लू' घ्यायची होती, आणि निळा तर उमटतच नव्हता. दिग्दर्शक जॉन मरे अँडरसन आणि कलादिग्दर्शक हर्मन रॉस यांनी कापड-रंगांच्या चाचण्या घेऊन राखाडी-चंदेरीचा आधार घेतला आणि निळ्याचा भास देणारा मोरपंखी साधला. रॉसला त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. संगणक ते सगळं 'सुधारून' निळं करतो, म्हणजे ज्या कामाला बक्षीस मिळालं तेच पुसतो.

दुसरी परीक्षा: मुळात कुठला भाग रंगीत होता ते पाहा. 'हॉलिवूड रेव्ह्यू'त क्लिफ एडवर्ड्स युकुलेले घेऊन 'सिंगिन इन द रेन' पहिल्यांदा म्हणतो तो भाग काळापांढरा. शेवटी सगळे तारे रेनकोट घालून तेच गाणं म्हणतात तो रंगीत. पहिलाही रंगीत दिसत असेल तर प्रत बाजूला ठेवा.

याची उलट बाजूही आहे. रंगासाठी उभारलेला देखावा काळ्यापांढऱ्या प्रतीत मळकट दिसतो, कारण केशरी आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडीत जातात. मग समीक्षक लिहितात, छायाचित्रण सपाट आहे. छायाचित्रण सपाट नाही, तुम्ही पाहिलेली प्रत अर्धी आहे. आपल्याकडे प्रभातनं 'सैरंध्री'त (1933) रंगाचा प्रयोग केला तेव्हाही रंगाचं काम जर्मनीत करून घ्यावं लागलं होतं. खेळ प्रयोगशाळेचा आहे, नुसत्या कॅमेऱ्याचा नाही.

रंगीत काही पाहायचंच असेल तर युनिव्हर्सलनं 2016मध्ये पुनरुज्जीवित केलेला 'किंग ऑफ जॅझ' पाहा. 1933मध्ये तो कापून पुन्हा वितरित झाला होता. जे भाग सापडले नाहीत तिथे या प्रतीत स्थिरचित्रं लावून तसं उघड दाखवलं आहे. प्रामाणिक काम असं असतं. इतर कुठल्याही प्रतीचे पैसे देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: मूळ घटक कोणते, कुठल्या संग्रहालयाचे? उत्तर टाळलं तर व्यवहार करू नका.

प्रश्न : चोर बाजारात 16 इंची तबकडी मिळाली. वॉर्नरच्या बोलपटाची असावी. घरच्या ग्रामोफोनवर लावू का?

लावू नका. व्हिटाफोन म्हणजे बोलपटाचा आवाज फिल्मऐवजी वेगळ्या तबकडीवरून वाजवायची वॉर्नरची पद्धत. तिची तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते आणि आतून बाहेर वाजते. सुई लेबलाजवळच्या बाणाच्या खुणेवर ठेवायची असते. एका बाजूला साधारण 11 मिनिटं, म्हणजे हजार फुटांच्या एका रिळाएवढा आवाज. पोलादी सुई दर वेळी नवी, आणि वीसेक वेळा वाजली की तबकडी बाद. खुणा करायला लेबलावर चौकोन छापलेले असत. ते चौकोन भरलेले असतील तर खोबणी आधीच झिजली आहे. चित्रपटाचं नाव आणि रिळाचा क्रमांक नसेल तर ती रेडिओची ध्वनिमुद्रिकाही असू शकते, आकार तोच असतो. मऊ कापडानं धूळ झटका, उभी ठेवा आणि रुंद खोबणीची सुई असलेल्या ध्वनी-अभिलेख तज्ज्ञाकडे न्या.

प्रश्न : आजोबांची टुरिंग टॉकीज होती. माळ्यावर 35 मिमीची रिळं आहेत, एका डब्यावर अशाच इंग्रजी चित्रपटाचं नाव. दिवाळीनंतर बघू म्हणतो. एकानं सांगितलं, तुकडा जाळून पाहा.

तुकडा जाळू नका, आणि दिवाळीची वाटही पाहू नका. 1950च्या आधीचं 35 मिमी बहुधा नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणारी फिल्म, असतं. ते जळताना लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतं, त्यामुळे पेटलं की पाण्यानंही विझत नाही. कुजलेलं नायट्रेट चाळिशीच्या थोड्या वरच्या तापमानात बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं; पत्र्याखालचा माळा मे महिन्यात त्याहून तापतो. 2003मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून जुनी रिळं खाक झाली.

डब्यात मधासारखा चिकट थर किंवा तपकिरी भुकटी दिसली तर डबा तसाच ठेवा आणि अग्निशमन दलाला कळवा. व्हिनेगरचा वास आला तर ते अॅसिटेट, म्हणजे नायट्रेटऐवजी वापरलेली दुसऱ्या प्रकारची फिल्म. आगीचा धोका कमी, पण शेजारची रिळंही बिघडतात, म्हणून वेगळं काढा. रीळ उलगडू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका; आक्रसलेल्या फिल्मची भोकं दात्यांत फाटतात. कुरिअर तर अजिबात नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला याच आठवड्यात लिहा.

प्रश्न : ही लाट वर्षभरात ओसरली कशी?

अति झालं. 1930च्या अखेरीस प्रेक्षक संगीतपटांना इतके विटले होते की एमजीएमनं आपला पुढचा रेव्ह्यू 'मार्च ऑफ टाइम' अर्धवट सोडला आणि त्याचे तुकडे दुसरीकडे वापरले.

प्रश्न : आता हे चित्रपट हक्कमुक्त आहेत, म्हणजे तिकीट लावून दाखवता येतील ना?

अमेरिकेत 1929चे चित्रपट 1 जानेवारी 2025ला आणि 1930चे 1 जानेवारी 2026ला मुक्त झाले. भारतात चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर 60 वर्षांची. पण गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, आणि पुनरुज्जीवित प्रत ज्या कराराखाली मिळते त्याच्या अटी वेगळ्या. करार आणि प्रतीचा तपशील घेऊन कॉपीराइटच्या वकिलाकडे जा, आणि तेही तिकिटं छापण्याआधी.