पहाटे अंधारात पळायला कुठला हेडलॅम्प घ्यावा? 1000 लुमेनचा घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की जळगावला राहता, मेमध्ये सात वाजायच्या आतच ऊन अंगावर येतं म्हणून पहाटे चारला पळायला निघायचं ठरवलंय, गावाबाहेरच्या रस्त्याला दिवे नाहीत आणि ऑनलाईन एक 1000 लुमेनचा (लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप) हेडलॅम्प मनात भरलाय. सरळ सांगतो, निदान आकडा बघून तरी घेऊ नका. मी यावल तालुक्यातला, चार वर्षं झाली अंधारात पळतोय, आणि असाच आकडा बघून घेतलेल्या हेडलॅम्पपायी पंधरा दिवस घोट्याला पट्टी बांधून बसलो होतो.

झालं असं की डिसेंबर होता, नवीन हेडलॅम्प आलेला, लावला की समोर दिवस उजाडल्यासारखं. त्याच तोऱ्यात डांबरी सोडून केळीच्या बागांमधल्या शेतरस्त्याने निघालो. पाऊस संपताना ट्रॅक्टर गेलेला, त्याची चाकोरी वाळून दगडासारखी झालेली, मला मात्र सगळा रस्ता पांढरा आणि सपाट दिसत होता. पाय गेला चाकोरीत, मी आडवा, आणि हेडलॅम्प डोक्यावरून निसटून दोन हात पुढे जाऊन पडला. आता गंमत बघा. तो जमिनीलगत पडल्यावर उजेड आडवा यायला लागला आणि त्या उजेडात एकेका ढेकळाची लांबलचक सावली, चाकोरीची कड, बैलाच्या खुराचे ठसेसुद्धा स्वच्छ दिसायला लागले. दिवा तोच आणि रस्ताही तोच, फक्त दिवा डोक्यावरून जमिनीवर आला होता.

घरी लंगडत आलो तर वडील ओट्यावर चहा पीत बसलेले. त्यांचं आयुष्य रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जाण्यात गेलंय. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "डोक्याले बॅटरी लावली का जमीन सपाट दिसते भो. हातात धर, कमरेखाली." मग आठवलं की ते बांधावरून चालताना बॅटरी कायम हात खाली सोडून, जराशी आडवी धरतात. मला वाटायचं सवय असेल.

कारण साधं आहे. खड्डा आपल्याला कळतो तो त्याच्या सावलीवरून. दिवा कपाळावर असला की उजेड आणि नजर जवळपास एकाच जागेवरून निघतात, त्यामुळे जी काय सावली पडते ती त्या वस्तूच्या मागेच लपते, आपल्याला दिसतच नाही. लुमेन वाढवले तर तीच सपाट जमीन आणखी पांढरी दिसणार, बस. दिवा कमरेला किंवा हातात आला की सावल्या बाजूला सरकतात आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसतो.

मग हेडलॅम्प टाकूनच द्यायचा का? तर नाही. कारण नजरेच्या जागेवरून उजेड निघण्याचा उलटा फायदाही आहे. कुत्रं, मांजर, कोल्हा, बिबट्या यांच्या डोळ्यांवर पडलेला उजेड आला त्याच दिशेने परत फिरतो, म्हणून त्यांचे डोळे चमकताना दिसायला दिवा आपल्या डोळ्यांजवळच पाहिजे, कमरेच्या दिव्यात ती चमक फारच फिकी दिसते. ट्रॉलीच्या मागे लावलेल्या रेडियमच्या पट्टीचंही तेच. आमच्याकडे केळीच्या बागांत बिबट्याची बातमी आली की सगळे घाबरतात, पण रोजची डोकेदुखी म्हणजे उकिरड्याजवळ झोपलेली कुत्री, आणि लांबून चमकलेले चार-सहा डोळे दिसले की आपण वेळेत पळणं थांबवून चालायला लागतो, हे मला फार कामाचं वाटतं. सापाचा मात्र भरवसा धरू नका, त्याचे डोळे असे चमकत नाहीत, त्यासाठी खालचाच उजेड लागतो. म्हणजे माझं उत्तर, डोक्यावर हलका साधा हेडलॅम्प आणि हातात छोटी बॅटरी, दोन्ही. एकच घ्यायचं असेल आणि रस्ता चांगला डांबरी असेल तर हेडलॅम्प, शेतरस्ता असेल तर हातातली.

आता लुमेनचं बघू. सहा मिनिटांना एक किलोमीटर या वेगात माणूस सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे जातो. दिसलं, कळलं, पाय उचलला एवढं व्हायला दहा मीटरपर्यंतचा रस्ता नीट दिसला की भागतं, आणि त्याला 150 ते 200 लुमेन पुष्कळ झाले. चांगल्या कंपन्या एफएल-1 नावाच्या मानकाप्रमाणे मोजून आकडे देतात, पण त्यातही खाचाखोचा आहेत. लुमेन मोजतात ते दिवा लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांच्या आत, आणि 'इतके तास चालतो' म्हणजे उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे तुमचा 1000वाला शेवटी 100 लुमेनवर रांगत असला तरी डब्यावरचे तास मोजणं चालूच. शिवाय एवढासा दिवा फुल्लवर तापतो, म्हणून बरेच दिवे थोड्याच वेळात स्वतःहून उजेड कमी करतात. त्यामुळे फुल्लचा आकडा सोडा, मधल्या मोडला किती लुमेन आणि किती तास ते विचारा. आणि ज्या डब्यावर 50000 लुमेन लिहिलंय तो डबा तिथेच ठेवून द्या. आतल्या सेलचंही तसंच, 18650 नावाचा तो बोटाएवढा सेल असतो, त्यात 3500 एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास मावतं, वर 9900 छापलेलं असेल तर छापणाऱ्याच्या हाताला कोण धरणार.

वजन बघाच. पळताना डोकं वरखाली होतं आणि जड दिवा कपाळावर हातोडीसारखा आपटतो. पेट्झलचा बिंडी 35 ग्रॅमचा आहे, 200 लुमेनचा, लावलाय हे विसरायला होतं, फक्त असल्या छोट्याची बॅटरी फुल्लवर फार टिकत नाही. शंभर ग्रॅमच्या वर जात असेल तर बॅटरी डोक्याच्या मागे असलेला घ्या, वजन दोन्हीकडे वाटलं जातं. दुकानात घेत असाल तर डोक्याला लावून तिथेच जागेवर पळून बघा, लाज वाटू देऊ नका. पट्टा घामाने सरकतो त्यावर उपाय वडिलांचाच, ते डोक्याला रुमाल बांधून त्यावर पट्टा चढवतात. मी रुमालाऐवजी बफ, म्हणजे डोक्यावर चढवायची ताणणाऱ्या कापडाची नळी, घालतो. टोपी घालत असाल तर पुढचा छज्जा पायाजवळचा उजेड अडवतो, तेवढी उलटी घाला.

पाण्याचं विचाराल तर डब्यावर आयपीएक्स असा पाणी सोसायचा दर्जा लिहिलेला असतो, आयपीएक्स4 म्हणजे सगळीकडून उडालेलं पाणी चालतं, पळायला तेवढं बास. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आपल्याला काय तापीत बुडी मारायचीय का. पावसाळ्यात खरा त्रास पाण्यापेक्षा पाखरांचा. चिलटं, किडे सगळे उजेडाकडे येतात आणि उजेड तुमच्या कपाळावर, म्हणजे नाकातोंडात. त्या दिवसांत मी हेडलॅम्प अगदी कमीवर ठेवतो आणि काम हातातल्या बॅटरीवर चालवतो. थंडीत धुकं असलं की तेच, डोळ्यांजवळचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यात येतो, समोर पांढरा पडदा. स्वतःच्या तोंडाची वाफसुद्धा चमकते, आपला इथला डिसेंबर तुम्हाला माहितीच आहे.

रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या कडेने पळा, आणि पाठीला एक लाल ब्लिंकर लावा, सायकलच्या दुकानात मिळतो. समोरून मोटरसायकल आली की मान खाली घाला. कपाळावरचा दिवा थेट त्याच्या डोळ्यात जातो आणि आंधळा झालेला मोटरसायकलवाला तुमच्याच अंगावर येणार.

खर्चाचं म्हणाल तर आधी एक करून बघा, आठवडे बाजारात शेतकरी घेतात ती डोक्याची बॅटरी अडीच-तीनशेला मिळते. ती आणा, आठ दिवस एक दिवस डोक्याला आणि एक दिवस पट्टा मनगटाला गुंडाळून हातात धरून त्याच रस्त्याने पळा. कुठल्या दिवशी जास्त ठेचकाळलात ते लिहा, मग पुढचं मॉडेल कुठलं घ्यायचं ते बघू.