निसर्गचित्रात खऱ्या वस्तू जोडल्या तर ते अमूर्त कसं राहील?

तुम्ही विचारलंय की किनाऱ्याची निसर्गचित्रं करत आलात, आता अमूर्ताकडे वळून चित्रात गंजका पत्रा, लाकूड, दोरखंड जोडायचेत. पण पत्रा लावला की त्याची होडीच दिसायला लागते. मी मुंबईत याच प्रकारचं काम करतो, म्हणून लिहितोय.

पत्र्याला होडी करूच नका. तो कशासारखा दिसतो हे सोडा, त्याच्यावर काय काय घडून गेलंय ते बघा. इथल्या दारूखाना भागातल्या भंगारातला एखादा पत्रा हातात घ्या. कडेला पापुद्रे सुटलेत, मधे जुन्या निळ्या रंगाचे टवके उडालेत, खाली विटकरी प्रायमर उघडा पडलाय आणि स्क्रूच्या भोकातून गंजाचा ओघळ उतरलाय. खारा वारा आणि पाऊस यांनीच रंगवलेला आहे तो! माझ्या लेखी निसर्ग तिथेच आलेला असतो. तसा ओघळ ब्रशने काढायला जावं तर हमखास खोटा वाटतो.

मग रंगाने काय करायचं? पत्र्याला जमत नाही ते: विस्तार, धूसरपणा, पाऊस येण्याआधीचा तो करडा उजेड. पत्र्यातलाच एखादा रंग उचलून पातळ थरांनी एकाच कडेवरून बाहेर ओढा, तिथे पत्रा कुठे संपतो ते कळता कामा नये. बाकीच्या कडा करकरीत राहू द्या. सगळ्याच कडा विरघळवल्या तर वस्तूचा जोर जातो.

चित्रकार अकबर पदमसींची 'मेटास्केप' ही निसर्गचित्रं जरूर बघा. डोंगर, पाणी, सूर्य जाणवतात, पण जागा कुठली ते सांगता येत नाही. आणि जर्मनीचा कलाकार कुर्त श्विटर्स: 1919 पासून तो तिकिटं, कागद, लाकडाचे तुकडे चित्रात बसवत होता, आणि त्यातलं तिकीट आपल्याला आधी रंगाचा चौकोन म्हणून भेटतं.

आता कामाचं. ताणलेला कॅनव्हास वजनाने झोल खातो. त्याऐवजी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड) घ्या, मागून लाकडी पट्ट्या मारा. पत्रा नुसत्या फेविकॉलवर सोडू नका, स्क्रूने किंवा तारेने आवळा. किनाऱ्यावरचं लाकूड गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, सावलीत वाळवा. नाहीतर रंगाखालून मीठ फुलतं. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि अ‍ॅक्रिलिक लावण्याआधी पत्र्यावर लॅकरचा (वॉर्निशसारख्या पारदर्शक लेपाचा) हात मारा, नाहीतर गंज रंगातून वर येतो.