मुख्य फीड गेलं तर?

विद्यापीठात एलडीएम (हवामानाचा डेटा इंटरनेटवरून आपोआप पोचवणारं सॉफ्टवेअर) बसवतोयस ना, मग फीड, म्हणजे तो सतत येणारा डेटा, देणारे दोन्ही सर्व्हर वेगवेगळ्या ठिकाणचे घे. इंटरनेटच्या लाइनीही दोन हव्यात. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा चढत होती आणि आमची एकुलती एक लाइन बंद पडली. कोयनेच्या पाणलोटावरचे ढग बघायचे तेव्हाच पडदा कोरा. ती रात्र मी विसरलेलो नाही.

एलडीएमडी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन्ही सर्व्हरच्या रिक्वेस्टच्या (डेटा मागायच्या) ओळींत फीडटाइप (डेटाचा प्रकार) आणि पॅटर्न (हव्या डेटाच्या नावाचा साचा) हुबेहूब सारखे लिही. मग मुख्य कोण, राखीव कोण, ही अदलाबदल एलडीएम स्वतःच करतो. एमडी५ सही (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) जुळली की दुसरी प्रत टाकून देतो. फक्त क्यू (आलेला डेटा तात्पुरता साठवायची जागा) फार लहान ठेवू नकोस, नाहीतर जुन्या सह्या पुसल्या जाऊन तीच फाइल परत घेतली जाते. एलडीएमचं पोर्ट ३८८ उघडून घे, घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची सोय) लाव.

आणि मे संपायच्या आत मुख्य लाइनची वायर एकदा स्वतःच्या हाताने काढून बघ.